शिडीची भाषा : यंत्राला कामाला लावण्याची विद्या आणि आपले विद्यार्थी

आमचे शहर यंत्राला नवखे नाही. पाणचक्की पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी येथे येतात. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणावे, ते उंचावरून धारेने खाली सोडावे आणि त्या धारेच्या बळावर दगडी जाते फिरवावे, ही योजना ज्यांनी आखली त्यांनी माणसाच्या दंडातील श्रम पाण्यावर सोपवले. तथापि पाणचक्कीला एक मर्यादा होती. जाते केव्हा फिरावे आणि केव्हा थांबावे, हे ठरवण्यासाठी तिच्यापाशी माणूस उभा असावा लागे. श्रम पाण्याने केले, परंतु निर्णय माणसानेच घेतला. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांत आज जे घडते आहे ते या पुढचे पाऊल होय. तेथे श्रम तर यंत्र करतेच, शिवाय 'आता थांब', 'आता पुढे हो' हा क्षणाक्षणाचा निर्णयही यंत्रच घेते. मात्र तो निर्णय कोणत्या नियमाने घ्यावा, हे आधी कोणीतरी माणूस लिहून ठेवतो. तो लिहिणारा माणूस कोण असावा, हा या लेखाचा विषय आहे.

यंत्र आणि मुक्ती

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी यंत्राला कधीही शत्रू मानले नाही. 1945 साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचारसरणीचा परखड समाचार घेतला आहे. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती निर्माण होत नाही. यंत्रयुगात जे दुःख दिसते त्याचा दोष यंत्राकडे नसून सदोष समाजरचनेकडे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. त्यापूर्वी 1942 साली व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी विज्ञान व तंत्रशिक्षण हे खर्चामुळे आपल्या समाजाच्या आवाक्याबाहेर राहते याकडे लक्ष वेधून त्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची मागणी केली होती. मिलिंद महाविद्यालयाच्या रूपाने 1950 पासून याच शहरात त्यांनी उच्च शिक्षणाचे दार उघडले. नागसेनवनाच्या सावलीत वाढलेल्या आपल्या समाजाने विद्यापीठापर्यंतचा मार्ग चालून दाखवला, नामांतराचा लढा लढवला आणि 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव कोरले.

असे असूनही तंत्रविद्येच्या बाबतीत आपल्या घराघरांत एक संकोच आढळतो. 'पोराने साहेब व्हावे, तारा जोडत कशाला बसावे?' असे पालक म्हणतात. त्यांची भीती निराधार नाही. ज्यांच्या पूर्वजांवर हाताचे काम जन्मानेच लादले गेले, त्यांना मुलाने पुन्हा हातात अवजार घ्यावे असे वाटत नाही. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जातिव्यवस्थेने कामे वाटली नाहीत, तर काम करणारी माणसेच कप्प्यांत बंद केली, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच सिद्ध केले. त्या व्यवस्थेने हात एका माणसाला दिला आणि डोके दुसऱ्याला. आम्ही ज्या विद्येविषयी लिहीत आहोत तिच्यात हात आणि डोके एकाच माणसाचे असते. म्हणून ती दास्याची विद्या नव्हे.

कामगारासाठी घडलेली भाषा

जुन्या कारखान्यात यंत्राचे नियंत्रण रिलेच्या साहाय्याने होत असे. रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका. एका वेटोळ्यातून प्रवाह गेला की लोखंडी पट्टी ओढली जाते आणि दुसऱ्या मंडलातील जोड मिटतो किंवा उघडतो. असे शेकडो रिले भिंतीएवढ्या पेट्यांत बसवलेले असत. कोणता रिले कोणाला चालवतो हे दाखवणारे चित्र विजेचे कारागीर काढीत. दोन उभ्या रेषा, त्या म्हणजे विजेचे दोन ध्रुव, आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या. चित्र शिडीसारखे दिसे, म्हणून त्याचे नाव लॅडर डायग्राम, म्हणजेच शिडी आकृती.

अमेरिकेतील मोटार कारखान्यांत दरवर्षी गाडीचे नवे रूप येई आणि दरवर्षी या पेट्यांतील तारा उपसून नव्याने जोडाव्या लागत. 1968 साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेच्या जागी बसवता येईल अशा उपकरणाची मागणी नोंदवली. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उपकरण तयार केले. बेडफर्ड असोसिएट्स या त्यांच्या संस्थेचा तो 84 वा प्रकल्प, म्हणून त्याचे नाव मोडिकॉन 084. आज ज्याला सर्व कारखान्यांत पीएलसी म्हणतात त्याचा हा पूर्वज होय.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटेल. हे उपकरण आतून संगणकच होते. तरीही त्याला सूचना देण्यासाठी संगणकतज्ज्ञांची भाषा वापरली गेली नाही, तर कारखान्यातील विजेच्या कारागिराला जी शिडी आकृती आधीपासून वाचता येत होती तीच पडद्यावर आणली गेली. म्हणजे कामगाराला यंत्राची भाषा शिकावी लागली नाही. यंत्राने कामगाराची भाषा शिकली. विद्येच्या इतिहासात असे क्वचितच घडते. एरवी विद्या वरून खाली येते आणि येताना आपली भाषा सोबत आणते. ज्याला ती भाषा येत नाही तो दाराबाहेर राहतो.

या शिडीच्या मुळाशी तर्कशास्त्र आहे. 1854 साली जॉर्ज बूल यांनी 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांचे गणित मांडले. 1937 साली क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले की रिलेची मंडले नेमके हेच गणित करतात. दोन खटके एकापुढे एक जोडले तर 'आणि', शेजारी-शेजारी समांतर जोडले तर 'किंवा', आणि दाबल्यावर उघडणारा खटका म्हणजे 'नाही'. शिडीची सारी भाषा या तीन शब्दांत सामावते.

पहिला धडा : विहिरीवरील स्टार्टर

खेड्यातून आलेल्या आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरची पेटी पाहिलेली असते. हिरवे बटण दाबले की 'खट्' आवाज होतो आणि मोटार सुरू होते. बोट काढले तरी ती चालूच राहते. तांबडे बटण दाबले की थांबते. येथे प्रश्न असा : हिरव्या बटणावरील बोट निघाले, तरी मोटार चालू का राहते?

शिडीची एकच पायरी काढून पाहू. डावीकडून निघालो की प्रथम तांबड्या बटणाचा खटका येतो, जो न दाबता मिटलेला असतो. पुढे वाट दुभंगते. वरच्या वाटेवर हिरव्या बटणाचा खटका, खालच्या वाटेवर मोटारीच्या कॉन्टॅक्टरचा स्वतःचा खटका. दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात. त्यानंतर मोटारीवर जादा भार आल्यास उघडणारा ओव्हरलोडचा खटका आणि उजवीकडे शेवटी कॉन्टॅक्टरचे वेटोळे. हिरवे बटण दाबले की वरच्या वाटेने प्रवाह वेटोळ्यापर्यंत पोहोचतो. वेटोळे ओढले जाताच त्याचा स्वतःचा खटका मिटतो आणि खालची वाट खुली होते. आता बोट काढले तरी प्रवाह खालच्या वाटेने वाहत राहतो. वेटोळ्याने स्वतःलाच धरून ठेवले. यंत्राची 'स्मृती' म्हणतात ती एवढीच.

वीज गेली तर काय होईल? वेटोळे सुटेल, खटका उघडेल आणि वीज परत आली तरी मोटार आपोआप सुरू होणार नाही. ही उणीव नसून संरक्षण आहे. वीज नसताना कोणी पंपाच्या दुरुस्तीला हात घातला असेल, तर त्याचा जीव या एका खटक्यामुळे वाचतो. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून शेतकरी पेटीत 'ऑटो' बसवतात तेव्हा ते हेच संरक्षण काढून टाकत असतात. म्हणून ऑटो बसवलेल्या मोटारीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच खाली करणे अत्यावश्यक आहे, हे विद्यार्थ्यांनी घरी जाऊन अवश्य सांगावे.

दुसरा धडा : पाण्याची टाकी

आता हेच काम मायक्रोकंट्रोलरवर सोपवू. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चकतीवरील लहानसा संगणक. शाळांमध्ये प्रचलित असलेल्या आर्डुइनो उनो या पाटीवरील चकतीत 32 किलोबाइट एवढीच कार्यक्रमस्मृती असते, तथापि ती सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोक्यांच्या गतीने चालते. एलडीमायक्रो किंवा ओपनपीएलसी यांसारख्या विनामूल्य साधनांनी संगणकावर शिडी काढता येते आणि ती अशा चकतीत उतरवता येते. कारखान्यातील महागड्या पीएलसीवाचूनही शिडीचा अभ्यास शक्य झाला तो यामुळे.

वसतिगृहाच्या गच्चीवर टाकी आहे आणि खाली हौद. टाकीत खाली एक व वर एक अशा दोन खुणांवर फ्लोट आहेत. हौदात तिसरा फ्लोट आहे. पाणी खालच्या खुणेखाली गेले की पंप सुरू व्हावा, वरच्या खुणेला लागले की थांबावा आणि हौद रिकामा असल्यास पंप मुळीच चालू नये, असा नियम आहे. टाकीत दोन खुणा कशासाठी? एकच खूण ठेवली तर एक बादली पाणी घेताच पंप सुरू होईल, क्षणात बंद होईल, पुन्हा सुरू होईल आणि मोटार जळेल.

विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात सामान्यतः एकच पायरी काढतात : 'टाकी रिकामी किंवा पंप चालू, आणि टाकी भरलेली नाही, आणि हौदात पाणी आहे, तर पंप चालव.' ही पायरी चालते. परंतु टाकी अर्धी भरली असता हौद रिकामा झाला तर? पंप थांबेल, स्वतःला धरून ठेवणारी वाट तुटेल आणि हौदात पुन्हा पाणी आले तरी टाकी पूर्ण उतरेपर्यंत पंप सुरू होणार नाही. सकाळी दोनशे मुलांच्या आंघोळीच्या वेळी टाकी अर्धीच राहील.

यावर उपाय म्हणजे दोन पायऱ्या. पहिल्या पायरीत 'मागणी' नावाचा एक काल्पनिक रिले घ्यावा : टाकी रिकामी किंवा मागणी आधीच नोंदलेली, आणि टाकी भरलेली नाही, तर मागणी कायम. दुसऱ्या पायरीत : मागणी आहे आणि हौदात पाणी आहे, तर पंप. आता हौद आटला तरी मागणी टिकून राहते आणि पाणी येताच पंप सुरू होतो. गरज वेगळी आणि परवानगी वेगळी, हे दोन प्रश्न वेगळे केले की गुंता सुटतो. ही शिस्त यंत्रापुरती मर्यादित नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात येईलच.

येथे तीन सूचना द्याव्याशा वाटतात. पहिली, मायक्रोकंट्रोलर शिडी कशी वाचतो ती पद्धत. तो प्रथम सर्व फ्लोट व बटणांची स्थिती टिपून घेतो, मग पायऱ्या वरून खाली क्रमाने सोडवतो, शेवटी निकाल बाहेर पाठवतो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. हे चक्र सेकंदात कितीतरी वेळा फिरते. म्हणून एकच वेटोळे दोन पायऱ्यांत लिहिले तर खालच्या पायरीचा निकाल वरच्यावर मात करतो. नवशिक्यांचे पुष्कळसे श्रम या एका कारणाने वाया जातात. दुसरी, तार तुटली तर यंत्र थांबले पाहिजे, सुरू राहता कामा नये. म्हणून थांबवण्याचे बटण आणि टाकी भरल्याची खूण सांगणारा फ्लोट हे नेहमी मिटलेल्या खटक्याचे घ्यावेत. उंदराने तार कुरतडली तरी मंडल उघडेल आणि पंप थांबेल. आता बटण बाहेर मिटलेले असल्यामुळे प्रवाह चकतीपर्यंत पोहोचतच असतो; म्हणून शिडीत तेथे 'नाही'चे चिन्ह न काढता साधे उघड्या खटक्याचे चिन्ह काढावे लागते. ही गोष्ट समजली की अर्धी विद्या हस्तगत झाली. तिसरी, चकतीच्या टोकाला 5 व्होल्टवर सुमारे 20 मिलिअँपिअर एवढाच भार पेलतो. तिने रिले-मॉड्यूलला इशारा द्यावा, त्या रिलेने कॉन्टॅक्टर ओढावा आणि कॉन्टॅक्टरने मोटार. विद्यार्थ्यांनी 5 व्होल्टच्या दिव्यांवरच सराव करावा. 230 वा 415 व्होल्टच्या जोडणीला परवानाधारक तंत्रज्ञानेच हात लावावा.

शिडीपलीकडच्या भाषा

शिडी ही एकमेव चित्रभाषा नव्हे. 1993 साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने पीएलसीसाठी पाच भाषांचे प्रमाणीकरण केले. शिडी ही त्यांतील एक. दुसरी ठोकळ्यांची आकृती, जिच्यात 'आणि', 'किंवा', कालमापक, मोजणीयंत्र असे ठोकळे रेषांनी जोडले जातात. तिसरी क्रमाची आकृती, जिचे मूळ फ्रान्समध्ये 1970 च्या दशकात घडलेल्या ग्राफसेटमध्ये आहे. उरलेल्या दोन अक्षरांत लिहायच्या. त्यांपैकी आज्ञांच्या यादीची भाषा आता मागे पडली आहे आणि रचनाबद्ध लेखनाची भाषा जोमाने वाढत आहे.

कोणत्या कामाला कोणती भाषा? 'अमुक अटी पूर्ण झाल्या तर तमुक चालव' असे काम शिडीत सर्वांत स्पष्ट दिसते. क्रांती चौकातील सिग्नलसारखे काम, ज्यात हिरवा, मग पिवळा, मग तांबडा असा ठरलेला क्रम आहे, ते क्रमाच्या आकृतीत एका दृष्टिक्षेपात कळते. शिडीत तेच काम करायला गेले तर पायऱ्यांचे जंगल होते. शंभर तापमानांची सरासरी काढायची असेल तर चित्र उपयोगी पडत नाही, तेथे अक्षरेच लिहावीत. लहान मुलांसाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 2007 साली स्क्रॅच ही रंगीत ठोकळ्यांची भाषा आणली, आणि त्याच धर्तीचे ठोकळे आज मायक्रोबिट व आर्डुइनोवरही चालतात. पाचवी-सहावीच्या मुलांनी ठोकळ्यांपासून आरंभ करावा, आठवी-नववीत शिडी शिकावी आणि दहावीनंतर अक्षरभाषेकडे वळावे, असा क्रम आम्हास योग्य वाटतो. उपकरणे नसली तरी अडत नाही. एलडीमायक्रोमध्ये संगणकावरच शिडी चालवून पाहता येते, आणि टिंकरकॅडसारख्या विनामूल्य साधनात आर्डुइनोचे मंडल पडद्यावर जोडून तपासता येते.

एक आक्षेप आम्ही ऐकतो. चित्रभाषा ही सोपी, दुय्यम प्रतीची विद्या असून खरी विद्या इंग्रजी अक्षरांच्या भाषेतच आहे. या आक्षेपात अर्धे सत्य आहे. चित्राशी थांबणारा विद्यार्थी एका टप्प्यावर अडतो, हे खरे. परंतु इंग्रजीच्या भीतीने जो मुलगा दारातूनच परततो, त्याला आत आणण्याचे सामर्थ्य या चित्रांत आहे. शिडीतील खटक्याचे चिन्ह मराठी, इंग्रजी वा जर्मन नसते. पैठण तालुक्यातील ऊसतोड कामगाराची मुलगी ते तितक्याच सहज वाचू शकते जितके शहरातील इंग्रजी शाळेतील विद्यार्थी वाचतो. तिला आत आल्यावर अक्षरभाषा शिकवणे हे आम्हा शिक्षकांचे कर्तव्य आहे. तिला चित्राशीच थांबवणे हा नव्या स्वरूपातील अन्याय ठरेल.

कार्यकारणाची दृष्टी

बौद्ध विद्यालयात या विषयाला आणखी एक अर्थ आहे. मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्या संवादातील रथाचा दृष्टान्त सर्वांस ठाऊक आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे; सर्व भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले की त्यास रथ हे नाव मिळते. आपोआप चालणारे यंत्र पाहून 'याला कळते' असे मुले म्हणतात. पेटी उघडून शिडी दाखवली की ध्यानात येते की आत कळणारा कोणी नाही. अटी आहेत, आणि अटी पूर्ण झाल्या की घडणारे परिणाम आहेत. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात सांगितलेली दृष्टीही हीच : कारणाच्या आधाराने कार्य उद्भवते आणि कारण नाहीसे झाले की कार्यही शमते. यंत्र बंद पडले तर नारळ फोडायचा नसतो. कोणती अट पूर्ण झाली नाही हे पायरीपायरीने शोधायचे असते. वाळूजच्या कारखान्यात दसऱ्याला यंत्राला हार घालणारे हात पुष्कळ आहेत. यंत्र का थांबले हे सांगणारे डोळे कमी आहेत.

कोणाच्या हाती लेखणी?

1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यापूर्वीपासून चिकलठाण्यात कारखाने होतेच, आणि आता शेंद्रा-बिडकीन येथे ऑरिक वसत आहे. या सर्व ठिकाणी आपली मुले आहेत, परंतु बहुतांशी कंत्राटी हेल्पर म्हणून. जोडकाम करणारा यांत्रिक हात आला की पहिला घाला याच मुलांवर पडतो. शासकीय नोकऱ्या आटत आहेत. खासगी कारखान्यांत आरक्षण नाही. आरक्षणाची मागणी आपण सोडता कामा नये. परंतु ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसणेही परवडणारे नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, चिकलठाणा येथील इंडो-जर्मन टूल रूम, विद्यापीठ परिसरातील नाइलिट ही दारे याच शहरात आहेत. दहावीनंतर तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला शिडी आधीच वाचता येत असेल तर तो मागच्या बाकावर बसणार नाही.

आणखी एक काम आपली वाट पाहते आहे. मैला हाताने साफ करवून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरीही गटारात उतरून माणसे गुदमरून मरत आहेत. ती कोणत्या वस्त्यांतील असतात हे सांगण्याची आवश्यकता नाही. केरळमधील तरुण अभियंत्यांनी मॅनहोलमध्ये उतरणारे बँडिकूट नावाचे यंत्र तयार केले आणि 2018 मध्ये तिरुवनंतपुरम येथे ते कामाला लावले. विषारी वायू किती, यंत्र किती खाली गेले, केव्हा थांबायचे, हे सारे प्रश्न 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचेच आहेत. ज्या घरातील माणूस गटारात गेला, त्या घरातील मुलीने त्या यंत्राचे नियम लिहावेत, याहून मोठी आदरांजली कोणती?

1920 साली 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी या समाजाला अशा मनोऱ्याची उपमा दिली, ज्यात एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्याची सोयच नाही. त्यास शंभराहून अधिक वर्षे उलटली. शिडी कोणी आयती आणून देणार नाही, ती पायरीपायरीने आपणच काढावी लागेल. विद्यार्थी मित्रहो, कागद घ्या, दोन उभ्या रेषा ओढा आणि पहिली पायरी आजच काढा.

जय भीम! नमो बुद्धाय!